चष्मा आहे, घाटात ST लागते, तरी वायुदलात पायलट व्हायचंय. नक्की काय करू?

वारणेची_घार

नमस्कार. मी कराडला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९ पूर्ण. गाव वारणाकाठी, घरी ऊस आणि चार म्हशी. फौजेत अधिकारी झालेलं भावकीत कोणी नाही. बारावीला एनडीए द्यायची होती, पण "आधी सीईटी बघ" म्हणत तो फॉर्म राहिला आणि आता वय उलटलं. म्हणून एएफकॅट (वायुदलाच्या अधिकारी भरतीची लेखी परीक्षा) देऊन फ्लाइंग ब्रँचला जायचं ठरवलंय. जमलं तर फायटरच.

अडचणी लिहिते. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचा नंबर आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी कळतं पण बोलताना आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. मामा म्हणतो आधी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) काढ, मग वायुदलवाले आपणहून घेतील. पुण्यातला एक क्लास भरपूर फी सांगतोय आणि वर म्हणतोय, "पहिला अटेम्प्ट अनुभवासाठी मारायचा असतो." आणि खरं सांगायचं तर कुंभार्ली घाटात मला अजून ST लागते. अशा पोरीनं विमानाचं नाव काढावं का? निवड झालीच तर ट्रेनिंगमध्ये लोक कशामुळे बाहेर पडतात, तेही कुणीतरी सरळ सांगा.

---

पंखा_फिरतोय

ताई, टेन्शन नको घेऊ. मीपण याच रांगेत आहे. एएफकॅटचा पेपर सोपा असतो: दोन तास, १०० प्रश्न, ३०० मार्क, चुकलं की एक कापतात. गणित दहावीच्या पातळीचं. इंग्रजी आणि जीके रोज थोडं कर, निघून जाईल. खरी गंमत एएफएसबीला, म्हणजे वायुदलाच्या निवड मंडळापुढे. मी म्हैसूरला गेलो आणि पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट. चित्र दाखवतात, गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. आमच्या गटात सगळे एकदम ओरडत होते, मीही ओरडलो. संध्याकाळी बॅग घेऊन स्टेशनवर.

चष्म्याचं लेसिक करून टाक. सीपीएल असेल तर वयोमर्यादा २४ ऐवजी २६ होते, एवढाच फायदा. आणि क्लासवाला बरोबर सांगतोय, एकदा अनुभवासाठी जाऊन ये.

---

निवृत्त_चेतकवाला

घार, वरच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य विसरून जा. पंख्या, तुझ्यावर राग नाही, पण हे चुकीचं पसरतंय.

अनुभवासाठी जाऊन येणं बाकी परीक्षांना ठीक आहे. फ्लाइंग ब्रँचला सीपीएसएस नावाची यंत्रावरची चाचणी असते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणायचे. ती आयुष्यात एकदाच. त्यात नापास झालीस की कुठल्याही मार्गाने गेलीस तरी वायुदलात वैमानिक म्हणून पुन्हा दार उघडत नाही. ग्राउंड ड्यूटीला जाता येतं, उडता येत नाही. पंख्या पहिल्या दिवशीच परत आला, त्यामुळे त्याची चाचणी अजून शिल्लक आहे. पण पहिली चाळणी पार करून अर्ध्या तयारीनं त्या यंत्रासमोर बसलीस, तर क्लासवाल्याचा "अनुभव" जन्मभराचा होईल.

त्या चाचणीत काय असतं? घड्याळं वाचता येतात का, म्हणजे उंची, वेग, दिशा दाखवणारी उपकरणं बघून विमान कसं आहे ते डोळ्यापुढे आणता येतं का. आणि हात-पाय-डोळे एकाच वेळी वेगवेगळं काम करतात का. हातात स्टिक, पायाखाली पेडल. याचे क्लास लावून फार उपयोग नाही. आधी सूचना सांगतात, त्या नीट ऐकायच्या. माझं मत विचारशील तर बोटांचा वेग कमी म्हणून पडणाऱ्यांपेक्षा सूचना अर्धवट ऐकून "कळलं" म्हणणारेच जास्त पडतात. आदल्या रात्री जनरल डब्यातून उभ्यानं प्रवास करून जाऊ नकोस. एक दिवस आधी पोच, झोप काढ.

आता डोळे. फ्लाइंगला उणे नंबर चालत नाही, चष्मा लावूनही नाही. एनडीएच्या वाटेनं लेसिक केलेलं चालत नाही, एएफकॅटला अटींवर चालतं. मोठी अट अशी की शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी आणि त्यानंतर किमान १२ महिने जाऊन डोळा स्थिर असावा. त्यामुळे "आत्ताच करून टाक" हाही सल्ला घेऊ नकोस. १९ व्या वर्षी केलंस तर पैसे देऊन स्वतःला अपात्र करशील. आधी चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे बुबुळाची (कॉर्नियाची) जाडी आणि डोळ्याची लांबी मोजून घे. दोन्हीला मर्यादा आहेत, त्या ताज्या जाहिरातीत बघ आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेव. विशीनंतर शस्त्रक्रिया, मग वर्षभर थांबणं, तोवर तुझं शेवटचं वर्ष. कोर्स सुरू होताना वय २० ते २४ लागतं. तुझं गणित आरामात बसतं, घाई फक्त क्लासवाल्याला आहे.

उंची १६२.५ सेंटीमीटर लागते, मुलामुलींना सारखीच. शिवाय पायांची लांबी, मांडीची लांबी, बसल्यावरची उंची मोजतात. कॉकपिटमध्ये पेडलपर्यंत पाय पोचायला हवेत आणि इजेक्ट होताना, म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना, गुडघे कुठे अडकायला नकोत, म्हणून. भिंतीला टेकून घरीच मोज. रंग ओळखण्याची चाचणी पण तालुक्यालाच करून घे. मुलाखतीत निवड होऊन बंगळूरच्या मेडिकलला रंगांधळेपणा कळलेली पोरं मी पाहिली आहेत. तिथं कुणाचा इलाज चालत नाही.

सीपीएल: मामांना माझा नमस्कार सांग, पण अर्धा कोटीच्या घरात खर्च करून वायुदलासाठी सीपीएल काढणं म्हणजे नको तिथे ऊस विकणं. ते काढलं म्हणून कुणी आपणहून घेत नाही. वायुदल तुला शून्यापासून शिकवतं आणि शिकवताना वर पैसे देतं.

आता तुझा खरा प्रश्न, लोक बाहेर का पडतात. मी हेलिकॉप्टरवाला. तांबरमला क्यूएफआयचा, म्हणजे उड्डाण शिक्षकाचा, कोर्स करून बरीच वर्षं पोरांना शिकवलं. धाडस नाही म्हणून थांबवलेलं पोरगं मला फारसं आठवत नाही. बहुतेक अडतात ते एकाच ठिकाणी: डोकं विमानाच्या मागे पडतं.

म्हणजे काय, ते सर्किटवरून सांगतो. सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं उडण्याच्या, आधीचं सगळं फ्लाइंग या सर्किटभोवतीच फिरतं. उडायचं, वळायचं, साधारण हजार फुटांवर सरळ व्हायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं (याला डाउनविंड म्हणतात), पुन्हा वळून उतरायचं. सगळं मिळून काही मिनिटं. त्या मिनिटांत उंची धरायची, वेग धरायचा, टॉवरशी बोलायचं, चाकं खाली, फ्लॅप्स (पंखांच्या झडपा), तपासण्या तोंडानं म्हणायच्या, सर्किटमधली बाकीची विमानं शोधायची, वारा किती ढकलतोय ते बघायचं. नवीन पोरगं चाकांच्या तपासणीत गुंतलं की उंची दोनशे फूट सुटते. उंची धरायला गेलं की टॉवरनं काय सांगितलं ते ऐकूच येत नाही. मग मागून आवाज येतो, पोरगं आणखी घट्ट स्टिक धरतं आणि विमान आणखी डुलतं. आमच्या वेळी दीपक होतं, एचपीटी-३२. शिक्षक शेजारी बसायचा, त्याच्या चेहऱ्यावरून आपलं काय चाललंय ते कळायचं. २०१३ पासून पिलॅटस पीसी-७ आहे. विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे, कानात फक्त आवाज. तू पोचशील तोवर कदाचित एचएएलचं एचटीटी-४० असेल. ते बनवणारी एक लाइन आपल्या नाशिकलाही सुरू झाली आहे.

यावरचा उपाय आकाशात नाही, जमिनीवर आहे. आदल्या रात्री. सगळी उड्डाणं खुर्चीत बसून उडायची. वही वाचणं वेगळं आणि हे वेगळं. डावा हात थ्रॉटलवर आहे असं समजून हलवायचा, उजव्यात पट्टी किंवा लाटणं काहीही धर, पाय जमिनीवर पेडलसारखे. डोळे मिटून तोंडानं मोठ्यानं: आता डाउनविंड, आता हा कॉल, ही तपासणी, आता धावपट्टी खांद्यामागे गेली, वळ. आम्ही बॅरेकच्या व्हरांड्यात खडूनं धावपट्टी काढून तिच्याभोवती बडबडत चालायचो. बाहेरून बघणाऱ्याला वेड्यांचं इस्पितळ वाटावं. पण जे लाजले, खोलीत बसून नुसते नोट्स वाचत राहिले, ते सकाळी हवेत त्याच गोष्टी आठवत बसायचे. हवेत आठवायला वेळ नसतो. तोंड आणि हात आपोआप चालले पाहिजेत, म्हणजे डोकं मोकळं राहतं.

आपत्कालीन कृतींचंही तेच. उड्डाण होतंय आणि चार-पाचशे फुटांवर इंजिन बंद पडलं. माणसाचा हात अशा वेळी स्टिक मागे ओढतो, कारण जमीन जवळ दिसते. ओढलीस की वेग मरतो, पंख उचलायचं सोडतात आणि विमान स्टॉल होतं. करायचं बरोबर उलट: नाक खाली, वेग राख, समोर दिसेल त्या मोकळ्या जागेकडे. मागे वळून धावपट्टीवर परतायचा मोह तर अजिबात नाही, तेवढ्या उंचीत वळण पुरं होत नाही. हे तुला आत्ता वाचून पटलं. पण पटणं पुरत नाही, ते शंभरदा बोलून हातात उतरावं लागतं. स्पिनचंही असंच: विमान गरगरायला लागलं की ज्या बाजूला फिरतंय त्याच्या उलट रडर (शेपटीची उभी पट्टी, पेडलनं फिरते ती). पण आधी कोणत्या बाजूला फिरतंय ते ओळखता आलं पाहिजे, आणि पहिल्या वेळी ते निम्म्यांना सांगता येत नाही.

लँडिंग बहुतेकांचं नजरेमुळे बिघडतं. पोरं नाकासमोरच्या डांबराकडे बघतात. जमीन सरसर धावत येते, घाबरून लवकर ओढतात, विमान वर तरंगतं आणि मग धपकन बसतं. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला नेली की उंचीचा अंदाज आपसूक येतो. हॉवरलाही हेच. चेतक हेलिकॉप्टर जमिनीपासून काही फुटांवर एका जागी धरणं म्हणजे परातीत ठेवलेली गोटी मध्यावर धरून चालणं. डावीकडे घसरली म्हणून परात जोरात कलवलीस की ती उजवीकडे पळते. नवीन पोरं सुरुवातीला मैदानभर फिरतात. हात सैल, नजर लांब, आणि हेलिकॉप्टर हलल्यावर नाही तर हलणार असं वाटताच नखाएवढी दुरुस्ती. एके दिवशी ते जमतं. कसं जमलं ते पोरालाही सांगता येत नाही.

आणखी एक. खराब झालेली सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, क्रू रूममध्येच ठेवायला शिकायचं. शिक्षकानं डीब्रीफमध्ये, उड्डाणानंतरच्या चर्चेत, चार चुका सांगितल्या तर त्या लिहून घे, का झाल्या ते विचार, आणि उद्या त्यातली पहिली दुरुस्त कर. चारही एकदम दुरुस्त करायला गेलीस तर पाचवी होते. सगळ्यात जास्त हाल होतात ते कॉलेजात कायम पहिल्या आलेल्या पोरांचे. "अनसॅटिस्फॅक्टरी" असा शेरा त्यांनी आयुष्यात पाहिलेला नसतो.

फायटरच हवं हे आत्ता ठरवू नकोस. दुंडीगलला पहिला टप्पा झाला की फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर असे तीन रस्ते होतात. तुझी पसंती विचारतात, पण तुझं उडणं, गुणक्रम आणि वायुदलाची गरज बघून ठरतं. फायटरवाल्यांना पुढे बिदरला हॉक हे शिकाऊ जेट. ट्रान्सपोर्ट येलहंकाला, हेलिकॉप्टर हकीमपेटला. मुलींना १९९४ पासून हेलिकॉप्टर आणि ट्रान्सपोर्ट होतं, फायटर २०१६ मध्ये उघडलं. मी पक्षपाती आहे हे मान्य, पण सियाचिनला चीता हेलिकॉप्टर घेऊन जाणाऱ्याला विचार कोण मोठा पायलट. तिथल्या विरळ हवेत किती किलो उचलायचं याचा हिशेब करून सामान चढवावं लागतं. आणि २०१३ मध्ये सी-१३०जे हे मालवाहू विमान लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला सोळा हजार फुटांवर उतरवलं, ते ट्रान्सपोर्टवाल्यांनीच.

घाटात ST लागते याचं उत्तर छोटं आहे. विमान लागणं सुरुवातीला पुष्कळांना होतं, बहुतेकांचं काही उड्डाणांत कमी होतं. उपाशी पोटी जायचं नाही, तेलकट खाऊन जायचं नाही, नजर बाहेर क्षितिजावर ठेवायची. स्वतः चालवत असताना कमी लागतं, मागे बसल्यावर जास्त. गोळ्या मात्र मनानं घ्यायच्या नाहीत, त्यांनी झोप येते. लपवायचं नाही, डॉक्टरला सांगायचं.

---

टॉवरवरून

चेतकवाला सरांनी जे लिहिलं त्याची दुसरी बाजू लिहितो, कारण मी त्या बाजूचा आहे. माझं फ्लाइंग सोलोच्या आधीच थांबलं. आज मी एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, आहे, माझ्याच बॅचचे लोक मला रेडिओवर उतरायची परवानगी मागतात.

सगळ्यांना वाटतं एका सकाळी सांगतात, "तू संपलास." तसं नसतं. प्रगती कमी वाटली की जादा सॉर्टी मिळतात, शिक्षक बदलून बघतात, वरिष्ठांबरोबर चेक होतो. मग निर्णय. मला तर शेवटच्या चेकच्या वेळीच आतून कळलं होतं. विमान मला आवडायचं, पण त्यात बसलो की मी फक्त पुढच्या चुकीची वाट बघायचो. त्यानंतरचे काही आठवडे वाईट असतात. मेसमध्ये सगळे हातवारे करून लूप सांगत असतात आणि तुम्हाला भात गिळत नाही.

वारणेची_घार, थांबवल्यावर ग्राउंड ड्यूटीची शाखा मिळू शकते, पण ती जागा असेल तर, हक्क म्हणून नाही. म्हणून तुझी इंजिनिअरिंगची डिग्री नीट पूर्ण कर, केटी ठेवून येऊ नकोस. आणि घरी आधीच सांगून ठेव की असं होऊ शकतं. माझ्या घरी सांगितलेलं नव्हतं. गावात फ्लेक्स लागला होता. तो उतरवणं मला फ्लाइंग सुटण्यापेक्षा जड गेलं.

---

सुनंदा_काकू

माझा धाकटा आर्मी एव्हिएशनमध्ये आहे, नाशिकच्या शाळेत शिकला. त्यामुळे थोडं सांगते. बाळ, उडायला फक्त वायुदलच आहे असं नाही. लष्कराची हेलिकॉप्टरं आहेत. २०२२ मध्ये पहिली मुलगी लढाऊ वैमानिक म्हणून नाशिकलाच पास झाली, तेव्हा मी त्या मैदानावर होते. नौदलाची विमानं आपल्या गोव्याला, आयएनएस हंसावर. तिकडच्या जाहिराती पण बघत राहा.

क्लासला पैसे देण्याआधी सांगली किंवा साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढच्या मुलाखतीची, तयारी करून घेतात, राहणं-जेवण-शिकवणं फुकट, मुलींनाही घेतात. अटी तिथं विचार. कॉलेजला एनसीसीची एअर विंग असेल तर आजच नाव घाल. सी सर्टिफिकेट असलं की एएफकॅटच्या लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाण्याची वेगळी वाट आहे.

आणि आईला घेऊन बस एकदा. तुझी आई काय म्हणते ते तू लिहिलंच नाहीस.

---

वारणेची_घार

सगळ्यांचे आभार. काकू, आई म्हणते, "जा, पण फ्लेक्स लावू नका." टॉवरवरून दादांचं वाचून दाखवलं तिला. उंची भावानं मोजली, १६४ भरली. कॉलेजात एअर विंग नाही, आर्मी विंग आहे.

चेतकवाला काका, दोनच प्रश्न. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तर? आणि मोबाइलवरचे विमानाचे गेम खेळून काही फायदा होतो का?

---

निवृत्त_चेतकवाला

१६४ म्हणजे उंचीचं काम झालं. पायांची लांबी वेगळी मोज, ती ९९ सेंटीमीटरच्या वर लागते.

इंग्रजी तुटकं चालतं, गप्प बसणं चालत नाही. रेडिओवरचं इंग्रजी तर ठरावीक शब्दांचं असतं, ते दोन आठवड्यांत तोंडी बसतं. अडचण येते ती गटचर्चेत आणि मुलाखतीत. आजपासून रोज घरात घडलेली एक गोष्ट आरशापुढे इंग्रजीत सांग. म्हैस व्यायली, पाण्याची पाळी चुकली, काहीही. वाचलेलं नको, घडलेलं सांग. मुलाखत घेणारा तुझ्या उसाबद्दलच विचारणार आहे. टनाला दर किती, पाणी किती पाळ्यांचं, बाबांनी ठिबक का नाही केलं. हे माहीत नसलं तर मात्र पंचाईत.

मोबाइलवरचे गेम सोडून दे. कॉलेजात कुणाकडे कॉम्प्युटरला जोडायची स्टिक आणि रडर पेडल असतील तर खेळ, पण चार दिवस फक्त घड्याळं वाचायला वापर, लढाया नंतर. त्यापेक्षा सकाळी पळायला जा. १.६ किलोमीटर दहा मिनिटांच्या आत, दहा पुशअप्स, तीन चिनअप्स, एवढं अंगात घेऊन या असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. तीन चिनअप्सला मुलींना वेळ लागतो, आत्तापासून लटकायला सुरुवात कर. गोठ्याचा वासा चालेल, आधी मजबूत आहे का बघ.

---

पंखा_फिरतोय

काका, सीपीएसएसचं मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात डेहराडूनचा कॉल आहे. जाऊ का पुढे ढकलू?

---

निवृत्त_चेतकवाला

चित्रावरच्या चर्चेत ओरडणं सोडलंस का? ते आधी सांग. मग बोलू.